उजव्या स्टँडातला ढोल

तोकुजी नामेकावाला कशाकशाची किळस येते हे सांगत बसण्यापेक्षा कशाची येत नाही ते सांगणं सोपं. कोन्याकूची येत नाही, कारण तो ते स्वतः बनवतो. आणि स्वतःच्या ढोलाची येत नाही. बाकी शिओमी शहरात त्यानं जिला नाक मुरडलं नाही अशी वस्तू, वास्तू आणि व्यक्ती दाखवा आणि बक्षीस मिळवा.

कोन्याकू म्हणजे कंदाच्या पिठाची, चुन्याच्या पाण्यात घट्ट केलेली करडी वडी. हातात घेतली की थुलथुल हलते, आणि चव म्हणाल तर ज्या रश्शात टाकाल त्याची. असल्या बेचव मालावर ज्यानं चाळीस वर्षं संसार केला, त्यानं जगाच्या ताटाला नावं ठेवावीत, याचं त्याच्या बायकोला, मासुएला, मनातून हसू येई. पण ती हसून दाखवत नसे. चुन्यानं भेगाळलेले हात धुऊन नामेकावा दर सामन्याला ढोल पाठीवर टाकून निघे, आणि ती दुकानाच्या फळीवरचा रेडिओ लावून कढईपाशी बसे. स्टेडियममध्ये ती आयुष्यात एकदाही गेली नाही.

"मला इथून जास्त दिसतं," ती म्हणे. "तुमचा ढोलसुद्धा ऐकू येतो. हात दुखत असला की डावी टिपरी मागे पडते."

"रेडिओत सगळेच ढोल सारखे," नामेकावा म्हणे.

शिओमीच्या बेसबॉल संघाचं नाव हेरन्स. म्हणजे बगळे. पांढरे गणवेश, निळ्या टोप्या, आणि बगळ्यासारखंच एका पायावर उभं राहून दुसऱ्यांना मासे पकडताना बघत बसायची सवय. गेली अकरा वर्षं ते शेवटून पहिले किंवा दुसरे येत होते. पण उजव्या बाजूच्या स्टँडातलं पाठीराख्यांचं पथक जागचं हललं नव्हतं, आणि त्या पथकाचा म्होरक्या नामेकावा. सगळे त्याला दांचो म्हणत. निळा झगा, दंडाला वाद्यं वाजवायच्या परवान्याची पट्टी, पुढ्यात ढोल. वय सदुसष्ट.

पथकाचं काम साधं, पण त्याला सोवळं फार. आपला संघ बॅटिंगला आला की उभं राहायचं, ट्रंपेट, ढोल आणि हजार गळे एकदम सुरू करायचे. प्रत्येक बॅटरचं स्वतःचं गाणं असतं. तो मैदानात पाऊल टाकतो तेव्हा त्याचंच गाणं वाजतं, दुसऱ्याचं नाही. समोरचा संघ बॅटिंगला आला की खाली बसायचं आणि गप्प राहायचं. तेव्हा डाव्या बाजूचं पाहुण्यांचं पथक उठतं. परक्यांच्या डावात ढोलाला हात लावायचा नाही, ही नामेकावाची नव्या माणसाला दिलेली पहिली ताकीद. "टिपरी नुसती चामड्याला टेकली तरी घरी पाठवीन," तो सांगे, आणि पाठवीही.

गाण्यांचे शब्द तोच लिही. दर फेब्रुवारीत पथकाची बैठक बसे, त्या वर्षी कोणाला नवं गाणं द्यायचं ते ठरे, आणि नामेकावा कोन्याकू उकळता उकळता दोन ओळी जुळवून आणी. ज्याला गाणं नाही, त्याच्यासाठी एक सरसकट गाणं असे, त्यात फक्त नाव बदलायचं. नवखी पोरं त्यावर एखादा हंगाम काढत. इनुझुका नावाच्या एका कॅचरनं मात्र त्यावर अकरा हंगाम काढले होते.

हा इनुझुका काही मोठा खेळाडू नव्हता. राखीव कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलणारा. पहिल्या कॅचरचं बोट मोडलं की याला गुडघ्यांना पॅड बांधून बसवायचं, बोट बरं झालं की पुन्हा बाकावर. पण याच्याहून सुमार लोकांना नामेकावानं गाणी दिली होती. एकाला तर केवळ त्याचं नाव तालात बसतं म्हणून दिलं होतं. इनुझुकाचं नाव दर फेब्रुवारीत निघे आणि दर फेब्रुवारीत नामेकावा ओठ वाकडा करून म्हणे, "त्या माणसाकडे बघून मला शब्द सुचत नाहीत. शिसारी सुचते."

कारण सगळ्यांना माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वी हंगामाच्या शेवटच्या दिवशी बगळे एका धावेनं पुढे होते. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात दोन आऊट, शेवटच्या बॅटरवर दोन स्ट्राईक; तिसऱ्याला तोही आऊट. एक चेंडू कॅचरच्या हातात विसावला की शिओमीला चाळीस वर्षांत पहिल्यांदा अजिंक्यपद. बावीस वर्षांचा इनुझुका बसला होता, पहिलं वर्ष त्याचं. चेंडू आला आणि त्याच्या हाताखालून मागच्या भिंतीपर्यंत गेला. बेसवरचे दोघं धावत आले आणि दोन धावा झाल्या. शहरात त्या दिवशी जल्लोषासाठी काढून ठेवलेली बियरची निळी पिंपं उघडलीच नाहीत. इनुझुकानं पत्रकारांना सांगितलं, "घाम आला होता, चेंडू नीट दिसला नाही. चूक माझी." एवढंच. पुढे अकरा वर्षं त्यानं त्याबद्दल तोंड उघडलं नाही, आणि नामेकावानं गाणं दिलं नाही. मागच्या शरदात संघानं त्याला नारळ दिला. उत्तरेकडच्या एल्क्स नावाच्या संघाला एका स्वस्त कॅचरची गरज होती, त्यांनी उचलला.

आणि आज, जूनमधल्या एका दमट रविवारी, तो एल्क्सचा हिरवा गणवेश घालून पहिल्यांदाच शिओमीविरुद्ध खेळणार होता; कालच्या सामन्यात तो बाकावरच होता.

सकाळपासून नामेकावाचं डोकं फिरलं होतं. आधी त्याला बगळ्याच्या वेशातला माणूस दिसला. हा इसम पिसांच्या पोटात हात घालून लहान मुलांना मिठ्या मारतो. "आत किती घाम असेल, विचार कर," नामेकावा शेजारच्या ओगुशीला म्हणाला. मग त्याला तळलेल्या नूडल्सचा वास आला, आणि कुणीतरी भाजलेला माखला मासा खाऊन त्याच्याच खुर्चीला बोटं पुसलेली दिसली. मग लाऊडस्पीकरवरून एक बाई सगळ्यांना "आनंद घ्यायला तयार आहात ना?" असं विचारायला लागली. आनंद विचारून घ्यायचा असतो का? त्यानं खिशातलं फडकं काढलं आणि खुर्ची तीनदा पुसली.

मिहो ओगुशी ही पथकाची ट्रंपेट. अठ्ठावीस वर्षांची, पोस्टात नोकरीला, जिभेला हाड नाही. दांचोला तोंडावर बोलणारी पथकात ती एकटीच.

"दांचो, तुम्ही घरी कसे जेवता हो?" ती म्हणाली. "प्रत्येक घासाला नावं ठेवून?"

"घरी कोन्याकू असतं. त्याला वास नसतो."

तेवढ्यात पाहुण्यांचा म्होरक्या उजव्या स्टँडात आला. हाताकेयामा त्याचं नाव. पन्नाशीचा, उन्हानं तांबारलेला, हिरव्या झग्यात वाकून वाकून नमस्कार करत. हातात त्यांच्या गावची मिठाई, घडी घातलेल्या कापडात बांधलेली. दोन पथकांनी सामन्याआधी एकमेकांना भेटायची रीत आहे. मैदानात एकमेकांचा जीव घ्या, पण आधी मिठाई द्या. नामेकावानं वाकून पेटी घेतली.

"एक विनंती होती," हाताकेयामा म्हणाला. "कालच्या पावसात आमच्या ढोलाचं चामडं गेलं. तुमच्याकडे दुसरा ढोल असतो असं ऐकलं. आज दुपारपुरता मिळाला असता तर फार उपकार झाले असते. आम्ही तीसच जण आलोय. ढोलाशिवाय गाणं धरत नाही."

दुसरा ढोल नामेकावाच्या पायाशी पिशवीत पडलेला होता. मागच्या वर्षी पश्चिमेकडच्या पथकाला त्यानं तो दोन दिवस दिला होता.

"आज जरा अवघड आहे," नामेकावा म्हणाला.

त्यांच्याकडे असं म्हटलं की पुढे विचारायचं नसतं. हाताकेयामा पुन्हा वाकला, "बरोबर आहे, आगाऊपणा झाला," म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला. तो गल्लीत वळायच्या आत ओगुशी उसळली.

"अवघड काय आहे त्यात? तो बघा पिशवीत झोपलाय."

"परवाना आपल्या नावावर आहे."

"मागच्या वर्षी काय परवाना बदलला होता?"

"ती माणसं चामडं पुसून परत करतात. यांचं कालच्या सामन्यात पाहिलंस ना? भर पावसात ढोल उघडा. वर प्लास्टिक टाकायची अक्कल नाही. चामडं भिजून भोक पडेपर्यंत बडवत होते. शी! असल्यांच्या हातात मी माझी वस्तू देऊ?"

"त्यांची मिठाई चालते, हात चालत नाहीत," ओगुशी म्हणाली. "खरं सांगा, हा ढोल इनुझुकासाठी वाजेल म्हणून पोटात दुखतंय ना?"

नामेकावानं फडकं काढलं. तो टिपऱ्या पुसत बसला.

ओगुशीला गप्प बसणं जमत नव्हतं. उजव्या स्टँडाची एक जुनी रीत होती. आपला माजी खेळाडू दुसऱ्या संघातून पहिल्यांदा परत आला की त्याच्या पहिल्या बॅटिंगला आपलं पथक उठतं आणि त्याचं जुनं गाणं एकदा, फक्त एकदाच, वाजवतं. समोरचं पथक तेवढा वेळ थांबतं. त्यानंतर तो शत्रू. परक्यांच्या डावात ढोल वाजायची ही एकच सवलत. पण वाजवायला गाणं असावं लागतं. सरसकट गाणं वाजवून निरोप देणं म्हणजे पाहुण्याच्या पुढ्यात उष्टं वाढणं.

"म्हणजे आपण नुसते बसून राहायचं," ती म्हणाली. "अकरा वर्षं आपल्याकडे राहिलेला माणूस येतोय आणि आपण शेंगा सोलत बसायचं. लाज वाटते मला."

"त्याला वाटली का, तेव्हा?"

"तो बावीस वर्षांचा होता, दांचो!"

तिसऱ्या डावात इनुझुका बॅट घेऊन आला. आठव्या क्रमांकावर. हिरव्या टोपीत तो आणखी रोड दिसत होता. उजवा स्टँड खाली बसलेला होता. कुणी हिरव्या शेंगा सोलत होतं, कुणी पाठीवर पिंप घेऊन फिरणाऱ्या पोरीकडून बियर घेत होतं. इनुझुकानं बॅटरच्या चौकोनी बॉक्समध्ये शिरण्याआधी हेल्मेट नीट केलं आणि क्षणभर थांबला. त्या थांबण्यात काही होतं की नव्हतं कोण जाणे. उजव्या स्टँडातून काहीच आलं नाही. कुणीतरी फक्त शिंकलं.

मग डाव्या कोपऱ्यातून ते तीस जण उठले.

त्यांनी त्याला गाणं दिलं होतं. तीन महिन्यांत. नवंकोरं, त्याच्या नावाचं.

"धुळीत बसलास वर्षं किती,
ऊठ इनुझुका, कसली भीती!"

नामेकावा ताठ झाला. गाणं ऐकू येत होतं, पण काय अवस्थेत! ढोल नसल्यानं तीस जणांचे तीस ताल झाले होते. ट्रंपेट दोन पावलं पुढे धावत होती आणि गळे तिच्यामागे चपला शोधत होते. "ऊठ" या शब्दावर जोर पडायला हवा तिथे ते श्वास घेत होते. इनुझुका तीन चेंडूंत आऊट झाला आणि गाणं अर्ध्यावर कोसळलं.

"मुडदा पाडला," नामेकावा पुटपुटला. "तालाचा पार मुडदा पाडला. ऐकवत नाही."

"ढोल असता तर," ओगुशी म्हणाली आणि तिनं पायाशी पडलेल्या पिशवीकडे पाहिलं.

शब्दांबद्दल नामेकावा काही बोलला नाही, कारण शब्दांना नाव ठेवायला जागा नव्हती. कॅचर आयुष्यभर उकिडवा बसतो, गुडघे मोडेपर्यंत, सगळ्यांच्या चपला-बुटांच्या उंचीवर. त्याला ऊठ म्हणायचं. इतकी साधी गोष्ट. हा माणूस अकरा वर्षं त्याच्या डोळ्यांसमोर त्या धुळीत बसला होता आणि त्याला ती ओळ सुचली नव्हती. उत्तरेकडच्या कुठल्या तरी गबाळ्याला, ज्याला ढोलावर प्लास्टिक टाकायचं कळत नाही, त्याला ती तीन महिन्यांत सुचली. नामेकावाच्या तोंडाला कडू चव आली. पायाशी मिठाईची पेटी होती, ती त्यानं बुटानं जरा लांब सरकवली.

मधल्या डावांत बगळ्यांनी दोन धावा केल्या, एल्क्सनीही दोन केल्या. नामेकावानं आपलं काम केलं. आपल्या डावात उठला, बडवलं, बसला. पण प्रत्येक वेळी खाली बसला की त्याच्या मनात ती अकरा वर्षांपूर्वीची दुपार उठून उभी राही, आणि त्या दुपारचा तो भाग, जो त्यानं कोणाला सांगितला नव्हता.

तेव्हाही परक्यांचाच डाव होता. दोन आऊट, दोन स्ट्राईक. सगळं स्टेडियम "अजून एक! अजून एक!" म्हणून ओरडत होतं. गळ्यांना मनाई नसते, वाद्यांना असते. नामेकावाच्या हातात टिपऱ्या होत्या, कारण जिंकताक्षणी पहिला ठोका त्याचा पडायचा होता. त्यासाठी तो चाळीस वर्षं थांबला होता. पिचरचा हात फिरला. चेंडू सुटला. आणि नामेकावाचा हात आधी पडला. चेंडू कॅचरपर्यंत पोचायच्या आधी. धाडकन एकच ठोका, उजव्या स्टँडातून, भर परक्यांच्या डावात. इनुझुकाचं डोकं केसभर हललं, असं नामेकावाला वाटलं. मग चेंडू भिंतीकडे गेला आणि वीस हजार लोकांच्या तोंडून असा काही आवाज निघाला की मागचं सगळं बुडून गेलं.

ढोलामुळे सुटला की घामामुळे सुटला, देव जाणे. शेजारच्यांनाही कळलं नव्हतं. सगळे चेंडूकडे बघत होते. कुणी काही विचारलं नाही, म्हणून त्यानं काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळं शहर इनुझुकाला शिव्या घालत होतं, तेव्हा त्यानंही दोन घातल्या. मग सवय झाली. किळस अशीच असते. एकदा दुसऱ्यावर टाकली की हात स्वच्छ वाटतात.

सातव्या डावात फुगे उडाले. हे प्रकरण नामेकावाला सगळ्यात असह्य. पूर्वी लोक लांबुळके फुगे तोंडानं फुगवत आणि एकदम सोडत. हजारो लोकांची थुंकी शिट्ट्या वाजवत आकाशात जाई आणि टोप्यांवर परत येई. त्या काळात तो सातव्या डावात छत्री उघडून बसे. आता हातपंपानं फुगवायचा नियम झाला होता, तर "हे काय, पाठीराखे आहेत की सायकलचं दुकान?" अशी त्याची तक्रार. फुगे खाली पडले. एक ओला निळा फुगा ढोलावर येऊन चिकटला. त्यानं तो फडक्याच्या टोकानं उचलून टाकला.

आठव्या डावात, दोन-दोन अशी बरोबरी असताना, एल्क्सचा एक माणूस दुसऱ्या बेसवर पोचला. दोन आऊट. आणि बॅट घेऊन इनुझुका आला.

"याला बदलतील," ओगुशी म्हणाली. "दुसरा बॅटर पाठवतील."

बदललं नाही. कदाचित त्यांच्याकडे दुसरा नव्हता. डाव्या कोपऱ्यात ते तीस जण पुन्हा उठले, आणि पुन्हा तेच. ट्रंपेट पुढे, गळे मागे. "धुळीत बसलास" हे एकानं संपवलं तेव्हा दुसऱ्याचं सुरू होत होतं. हाताकेयामा तर हात हवेत मारून ताल धरायला बघत होता, बिचारा. पहिला स्ट्राईक गेला. गाणं आणखी सैल झालं. दुसरा स्ट्राईक गेला. दोन आऊट, दोन स्ट्राईक.

"शी," नामेकावा म्हणाला. "शी, शी, शी. 'ऊठ'वर मारा रे, 'ऊठ'वर!"

आणि त्याचा हात पडला.

पहिला ठोका "ऊठ"वर पडला. दुसरा नावावर. तिसऱ्याला त्याला कळलं की आपण काय करतोय, आणि तरी चौथा पडला. मैदानापलीकडे तीस जणांनी चमकून इकडे पाहिलं, पण गाणं सोडलं नाही; ढोल मिळाल्यावर कोण सोडतो? त्यांची ट्रंपेट जागेवर आली. गळे एकत्र झाले. तीस माणसांचं गाणं आता तीनशेंचं वाटायला लागलं.

"दांचो!" पुढच्या रांगेतला एक जण मागे वळून ओरडला. "अहो, डाव त्यांचा आहे! दांचो, थांबा!"

"म्हातारा पिसाळला का?"

ओगुशी उभी राहिली होती. तिच्या हातात ट्रंपेट होती, पण ती वाजवत नव्हती. ती फक्त त्याच्या आणि पायऱ्यांच्या मधे येऊन उभी राहिली, म्हणजे खालून धावत येणारा स्टेडियमचा कर्मचारी जरा उशिरा पोचावा.

इनुझुका बॉक्सच्या बाहेर आला होता. त्यानं बॅटनं बुटाची माती झटकली. एकदा, दोनदा. उजवीकडे त्यानं पाहिलं नाही. मग आत जाऊन उभा राहिला. चेंडू आला, ढोल वाजतच होता, आणि इनुझुकानं तो चेंडू पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधून गवतावर घसटत पाठवला. काही देखणा फटका नव्हता. दुसऱ्या बेसवरचा माणूस धावत होम बेसवर पोचला. एल्क्स तीन, बगळे दोन.

उजव्या स्टँडात सगळे एकदम बोलायला लागले.

"कुणाचा दांचो आहेस रे तू? बगळ्यांचा की त्यांचा?"

"पट्टी काढ! पट्टी काढ!"

कुणीतरी बियरचा रिकामा पेला फेकला. तो नामेकावाच्या झग्यावर लागला आणि तळातला फेस बाहीवर पसरला. त्यानं फडकं काढलं नाही. तो पहिल्या बेसकडे बघत होता.

पहिला बेस उजव्या स्टँडाच्या समोरच येतो. इनुझुका तिथे उभा होता, तोंड इकडे करून, इतका जवळ की त्याच्या हनुवटीवरची धूळ दिसत होती. त्यानं हेल्मेट काढलं. नामेकावाला वाटलं, आता. मान हलवेल, शिवी देईल, काहीतरी करेल. इनुझुका पूर्ण मागे वळला. उजव्या स्टँडाकडे पाठ करून, डाव्या कोपऱ्यातल्या त्या तीस जणांच्या दिशेनं कंबरेतून वाकला आणि बराच वेळ वाकून राहिला. मग त्याच्या जागी धावायला एक तरणा खेळाडू आला, आणि इनुझुका सगळं मैदान ओलांडून आपल्या बाकाकडे चालत गेला. जाताना एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

"त्याला कळलं नसेल ढोल कुणाचा ते," ओगुशी हळूच म्हणाली.

"कॅचरला कळतं," नामेकावा म्हणाला. "अकरा वर्षं तो याच ढोलापुढे बसलाय."

कर्मचारी आला. त्यानं फार अदबीनं नाव विचारलं आणि लिहून घेतलं. पुढचं बोलायची वेळ नामेकावानं त्याच्यावर आणली नाही. दंडाची पट्टी सोडली, ती उलटसुलट करून पाहिली, तिच्यावर एक डाग होता, तो नखानं खरवडला, आणि ओगुशीच्या हातात दिली. टिपऱ्याही दिल्या.

"मला ढोल कुठे येतो?" ती म्हणाली.

"गप्प कधी राहायचं तेवढं लक्षात ठेव. बाकीचं येतं."

बगळे तीन-दोन हरले. सामना संपल्यावर नेहमीप्रमाणे पथकानं पिशव्या काढून स्टँड साफ केला. नामेकावाशी कुणी बोललं नाही, पण पिशवी त्यालाही दिली. तो रांगेरांगेतून वाकून फिरला. पायाखाली तुडवलेले फुगे, शेंगांची टरफलं, माखल्याच्या काड्या. त्यानं ते सगळं उघड्या हातांनी उचललं. किळस यायची ती आली, पण आज ती जिकडे जायला हवी तिकडे चालली होती, म्हणून त्यानं हात आखडला नाही.

घरी पोचला तेव्हा उजेड होता. मासुए दुसऱ्या दिवशीच्या वड्या पाण्यात सोडत होती. रेडिओ बंद होता. नामेकावानं ढोल आणला नव्हता. तो पथकाकडेच ठेवून आला होता. त्यानं मिठाईची पेटी फळीवर ठेवली.

"कुणी दिली?" मासुएनं विचारलं.

"एल्क्सवाल्यांनी."

"चांगली माणसं दिसतात." तिनं कापडाची गाठ सोडली, आत पाहिलं, पुन्हा बांधली. "आठव्या डावात त्यांच्या वेळेला ढोल वाजत होता. रेडिओवाला म्हणाला, पाहुण्यांना कुठून तरी ढोल मिळालेला दिसतोय. मी म्हटलं, छे, डावी टिपरी मागे पडतेय." ती पुन्हा पाण्यात हात घालून वड्या मोकळ्या करायला लागली. "तुम्हीच ना?"

"मीच," नामेकावा म्हणाला.

मासुएनं एक वडी उचलली, पाणी निथळू दिलं आणि दुसऱ्या भांड्यात ठेवली. त्याच्याकडे न बघता तिनं विचारलं,

"पुन्हा?"

नामेकावा दारातच उभा राहिला. पायातले बूट काढायचेही राहून गेले.